उलुरूच्या पायथ्याची वाट

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील उलुरू-काटा ट्जुटा राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकण्यास परवानगी नाही, त्यामुळे आमचा मुक्काम उद्यानाबाहेर युलारा येथे होता आणि तिथूनच आम्ही सकाळी वनरक्षकासोबत माला पायवाटेवर निघालो. 348 मीटर उंचीचा उलुरू हा तांबडा खडक छायाचित्रांतून सर्वांच्याच ओळखीचा असतो. मला मात्र त्याच्या पायथ्याची झाडेझुडपे अधिक विलक्षण वाटली. मुल्गा या बाभूळकुळातील झाडाच्या फांद्या अशा तिरप्या, वरच्या दिशेने वाढतात की पावसाचे पाणी खोडावरून ओघळत थेट मुळाशी पोहोचते. स्पिनिफेक्स या काटेरी गवताची राळ तापवून इथले मूळ रहिवासी असलेले अनंगू लोक भाल्याचे पाते दांड्याला चिकटवत आले आहेत. वनरक्षकाने तळहातावर ठेवलेला तिचा काळपट गोळा वाळलेल्या डांबरासारखा दिसत होता. काही ठिकाणी छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, कारण ती स्थळे अनंगूंसाठी पवित्र आहेत. 1985 मध्ये ही भूमी त्यांना परत मिळाली, तरी खडकावरील चढाई कायमची बंद होण्यास 26 ऑक्टोबर 2019 उजाडावा लागला, हे मला अनाकलनीय वाटते. जाणाऱ्यांनी जाळीची टोपी अवश्य न्यावी. उन्हे वर येताच माश्यांचा उच्छाद सुरू होतो.