दात आहे, तारीख नाही

मी दातांवर काम करतो, त्यांत साठलेला किरणोत्सर्ग मोजतो, पण दंतवैद्य नाही, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आजवर इतके एक्स-रे काढले, माझ्या दातावरून एकूण किरणोत्सर्ग किती झाला ते सांगाल का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बहुतेक नाही.

दात मात्र सगळं धरून ठेवतो. हाड आयुष्यभर झिजतं, पुन्हा घडतं. दातावरचं एनॅमल एकदा घडलं की घडलं, त्याची डागडुजी शरीर करत नाही. (दंतवैद्यांचं पोट त्यावर, आमचंही.) त्याच्या स्फटिकात थोडं कार्बोनेट अडकलेलं असतं. किरणोत्सर्ग त्यावर आदळला की जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन मागे राहतात आणि लाखो वर्षं तसेच टिकतात. एनॅमलची पूड चुंबकीय क्षेत्रात ठेवून तिच्यावर मायक्रोवेव्ह सोडल्या की हे एकटे इलेक्ट्रॉन त्या शोषतात; जितकं शोषण जास्त, तितका मारा मोठा. ही युक्ती १९४४ साली रशियातल्या कझानमध्ये भौतिकशास्त्रज्ञ झावोइस्कीला सापडली. मोजल्याने खूण पुसली जात नाही, तोच नमुना पुन्हा मोजता येतो.

अडचण वेगळीच आहे. चांगल्या प्रयोगशाळेलाही साधारण ३० ते ५० मिलिग्रेच्या (मिलिग्रे म्हणजे शोषलेल्या किरणोत्सर्गाचं माप) खालचं धड दिसत नाही, आणि निसर्गातूनच वर्षाला जवळपास एक मिलिग्रे जमा होत असतो. तुमचे छातीचे एक्स-रे त्यात कुठल्या कुठे बुडून जातात. दातांचे एक्स-रे मात्र नको तितके उठून दिसतात, कारण कमी ऊर्जेचे किरण एनॅमल अधिक शोषतं. हे किरण गालाकडून शिरतात, म्हणून गालाकडची आणि जिभेकडची बाजू वेगवेगळी मोजावी लागते. पटाशीचे दात तर आम्ही शक्यतो घेतच नाही; उन्हातले अतिनील किरणही तिथे तशीच खूण उमटवतात. उपटलेली दाढ हवी.

ही पद्धत खरी कामी येते ती मोठा मारा झालेल्या, पण नोंद नसलेल्या माणसांसाठी. हिरोशिमातून वाचलेल्यांच्या काढलेल्या दाढा अशाच मोजल्या गेल्या. रशियाच्या उरल भागातल्या मायाक या अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवणाऱ्या कारखान्याने १९४९ ते १९५६ या काळात तेचा नदीत किरणोत्सारी सांडपाणी सोडलं. काठावरच्या ज्या मुलांचे दात तेव्हा घडत होते, त्यांच्या दातांतच त्या सांडपाण्यातलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० जाऊन बसलं आणि आतूनच मारा करत राहिलं. अशा दातावरचा आकडा बाकी शरीराला लागू करता येत नाही.

म्हणून कुणी डबीत दाढ घेऊन आलं, की मी आधी जन्मसाल विचारतो.