अंगठ्याचा ठसा
सॅक्सोफोनवर दाबलेलं प्लास्टिक गार होऊन पांढरं झालं आणि त्यावर माझ्या अंगठ्याच्या रेषा जशाच्या तशा उमटलेल्या दिसल्या. कितीतरी वेळ बघतच बसलो.

पॉलीकॅप्रोलॅक्टोन नावाच्या प्लास्टिकचे साधे दाणे असतात ते. ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात टाकले की काचेसारखे होतात, कणकेसारखे मळता येतात. सॅक्सोफोनच्या थंब हुकवर (उजवा अंगठा ज्याखाली टेकतो तो आकडा) आधी टेप गुंडाळली, म्हणजे धातूवरचं लॅकर खराब होत नाही आणि नको झालं तर सगळं काढता येतं, मग त्यावर गोळा दाबून उजवा अंगठा रोज टेकतो तिथेच टेकवला. डाव्या तळहाताने दाबायच्या पाम कीजसाठी मात्र तुकडे बाहेरच घडवून, पूर्ण गार करून मग दुहेरी टेपने चिकटवले, कारण कीला उष्णता लागली तर तिचं पॅड धरून ठेवणारं शेलॅक (चिकटवायची लाख) सैल पडू शकतं.

संध्याकाळी तासभर वाजवलं. अंगठ्याच्या सांध्यातली ती ओळखीची कळ आलीच नाही. आणि वरचा एफ हा सूर वाजवताना पंजा आत वळवावा लागला नाही, हात आपोआप तिथे होता.

सोबत वाजवणारा मित्र ऐकून म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं रियाज कमी पडतोय म्हणायचास, ते हे होतं?"

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. कीज एका ठरावीक मापाच्या, हात प्रत्येकाचा वेगळा, आणि दुखलं की आपण दोष हातालाच देतो. किती जणांनी याच दुखण्यापायी वाद्य कपाटात ठेवून दिलं असेल?

तुमच्यापैकी कोणी आपल्या वाद्यात असा बदल केलाय का?