तिला नळ बंद करायला सांगा

दिवाळीच्या आधी आईच्या स्वैपाकघरातल्या फळ्या पुसायला घेतल्या तर डब्यांखाली अंथरलेलं एका जुन्या मासिकाचं पान निघालं, तेलकट, पिवळं पडलेलं, आणि त्यावर एक बाई. केस नीट विंचरलेले, लिपस्टिक, कडक इस्त्रीची साडी आणि हातात काय तर कपडे धुवायच्या पावडरीचा डबा. मागं दोरीवर पांढरे शर्ट. सगळे शर्टच. तिची स्वतःची एक साडी, एक परकर काही त्या दोरीवर नाही. मी फोटो काढून बहिणीला पाठवायला लागले तर आईनं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणली, "तिच्या मागं नळ चालूच हाय बग."

आईचं हे जुनंच आहे. १९८७ साली टीव्हीवर रामायण सुरू झालं तेव्हा आम्ही निलंग्याला होतो, गल्लीत एकच टीव्ही, रविवारी सकाळी साडेनऊला अख्खी गल्ली त्या एका घरात. बायका घरी धुणं भिजवून यायच्या, म्हणजे रामाचं दर्शन झालं की सरळ दगडावर. आणि रामाच्या आधी जाहिराती. त्यात फेसच फेस, बाईचे हात कोपरापर्यंत फेसात, तोंडावर हसू, नळाला ही धार, आणि आमची आई भर सभेत, "आगं नळ बंद कर की भवाने!"

आमच्याकडं बोअरचं पाणी, जड. वडीच्या साबणाचा फेस व्हायचाच नाही, नुसती पांढरट साय कपड्याला चिकटायची. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची प्रक्रिया होऊन ती साय तयार होते हे मला अकरावीत कळलं, आईला ते आधीपासून माहीत होतं, फक्त ती "पाणी साबन खातंय" म्हणायची. डिटर्जंट पावडर अशा पाण्यात साबणापेक्षा बरी चालते म्हणून आमच्या घरात पावडर आली. शुभ्र शर्टाच्या नादानं नाही, घरात पांढरा शर्ट मुळात एकच होता, बाबांचा, तोपण १५ ऑगस्टचा.

पावडर म्हणजे निरमा. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये सुरू केलेली, मुलीच्या, निरुपमाच्या नावावरून नाव दिलेली, आणि सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त. त्याला उत्तर म्हणून मग सर्फनं जाहिरातीत ललिताजी आणली. निळ्या काठाची पांढरी साडी, भाजीवाल्याशी घासाघीस, अन् सर्फच्या खरेदीतच समजदारी आहे असं ठासून सांगणं. जाहिरातवाल्या अलेक पदमसींनी ही बाई आपल्या आईवरून उभी केली होती म्हणे, आणि काम केलं कविता चौधरीनं, जी पुढं 'उडान' मालिकेत पोलीस ऑफिसर झाली.

आता कुणी म्हणेल की शेवटी तीपण कपड्यांच्या डागांचाच हिशोब करत बसलेली बाई, त्यात काय एवढं. बरोबर आहे. पण आमच्या गल्लीत ललिताजी बाकीच्यांपेक्षा वेगळी का वाटायची तर बाकीच्या बायका नवऱ्याची कॉलर उजळली की नुसत्या लाजायच्या आणि मागून एक न दिसणारा बाप्या काय ते समजावून सांगायचा. ललिताजीलाही तो न दिसणारा बाप्या प्रश्न विचारायचा, पण ही उत्तर द्यायची, भाईसाहब म्हणून, आणि तो ऐकून घ्यायचा! पैशाचं पाकीट हिच्या हातात. आईला ती लई आवडायची. आणि घरी निरमाच आणायची. "ती शहानी हाय, पर तिच्या नवऱ्याला पगार किती हाय?" असं तिचं म्हणणं.

स्वैपाकघराच्या जाहिरातीत तर वेगळीच गंमत होती, त्यात कुणी भाकरी थापायचंच नाही. कुकरच्या जाहिरातीत सांगायचे की बायकोवर प्रेम असेल तर नवरा आमच्या कुकरला नाही कसा म्हणेल. बाबांनी कुकर आणला, प्रेमाचं माहीत नाही, हप्त्यावर आणला. वरणभाताचं काम हलकं झालं हे खरं, पण दोन टाइम पंधरा-पंधरा ज्वारीच्या भाकरी तशाच राहिल्या, त्याला काही शिट्टी नाही. आणि जाहिरातीतली बाई कायम उभी. आई चुलीपुढं, नंतर स्टोव्हपुढं पाटावर बसून करायची, धूर खायची, पण बसायची तरी. मग लातूरला घर झालं, ओटा झाला, आम्हाला केवढं कौतुक, अगदी टीव्हीतल्यासारखं स्वैपाकघर. महिन्याभरानं म्हणली, "ओटा काय झाला, बसायचंच गेलं."

२०१६ च्या फेब्रुवारीत एरियल पावडरची ती जाहिरात आली, म्हातारा बाप लेकीची ऑफिसातून आल्यावरची धावपळ बघतो, मी तुझ्या आईला कधी कामात हातभार लावला नाही म्हणून चिठ्ठीत माफी मागतो आणि घरी जाऊन मशीन लावायला घेतो. मी फोनवर बघून रडले, खोटं कशाला सांगू. लातूरला गेले तेव्हा आईला दाखवली. तिनं शेवटपर्यंत बघितली, "चांगला हाय बिचारा," म्हणली, आणि मग, "त्या मशीनला पाणी किती लागतंय?"

तो एप्रिल होता, दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. भावाच्या घरातलं मशीन चादर टाकून झाकलेलं, त्यावर रिकाम्या कॅनची चळत. भाऊ रात्री अकरा-बारापर्यंत मोटारसायकलला कॅन बांधून टँकरमागं फिरायचा, म्हणजे पाणी आणायला बाप्ये होते, नाही कसं म्हणू. धुणं वहिनीच धुवायची. दोन बादल्यांत, आधी लेकरांचं, मग भावाचं, आणि त्याच गढूळ पाण्यात शेवटी स्वतःची साडी. ते पाणी मग संडासला.