दोर कापला की नाही

रविवार, रात्री सव्वाअकरा

दिवसभर पावसाने दार उघडू दिलं नाही. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं म्हणून शेजारचे काका छत्री मोडून घेऊन आले. आम्हीही गेलो असतो, पण चिऊ सर्दीने बेजार. शेवटी दोघी एका गोधडीत शिरलो आणि 'टिनटिन'चं कार्टून लावलं. १९९१-९२ सालची ही मालिका, फ्रान्सच्या एलिप्स आणि कॅनडाच्या नेल्व्हाना स्टुडिओंनी मिळून केलेली, ३९ भागांची. चिऊने तिबेटची गोष्ट निवडली. मी काही बोलले नाही, पण पोटात जरा हललंच.

कारण पंचवटीतल्या जुन्या घरी केबलवर हीच गोष्ट लागली होती. इंग्रजी निम्मं कळायचं, निम्मं दादा सांगायचा. टिनटिनचा मित्र कॅप्टन हॅडॉक कड्यावरून दोराला लोंबकळतोय, वर एकट्या टिनटिनला त्याचं ओझं पेलत नाहीये, कॅप्टन म्हणतोय दोर कापतो, तू तरी वाच... आणि लाइट गेले. लोडशेडिंग. टीव्हीच्या मधोमध पांढरा ठिपका आकसत गेला, आई स्वयंपाकघरातून काडेपेटी कुठंय म्हणून ओरडली, आणि अंधारात दादाने निकाल दिला, "कापला. गेला खाली."

मी रात्रभर रडले. पुढच्या आठवड्यात कॅप्टन दुसऱ्या गोष्टीत धडधाकट हजर! दादा ढिम्म. "तो त्याचा जुळा भाऊ. ते एकसारखे दिसणारे गुप्तहेर, थॉमसन आणि थॉम्प्सन नाहीत का, तसा." (ते दोघे भाऊ नाहीतच; आडनावाचं स्पेलिंग वेगळं आणि मिशांची ठेवणही. पण हे तेव्हा कोण सांगणार?)

कॉलेजात या गोष्टीचं मूळ चित्रकथेचं पुस्तक हाती लागलं तेव्हा खरं कळलं. थंडीने बोटं आखडलेली, चाकू हातातून निसटतो आणि शेर्पा टार्के परत येतो. सगळा जीव त्या आखडलेल्या बोटांवर वाचतो. पडद्यावर मात्र हे दृश्य मी आज पहिल्यांदा पूर्ण पाहिलं.

मालिकेने टिनटिनच्या मूळ चित्रकाराची, हर्जेची रेघ छान सांभाळलीय. तीच एका जाडीची, स्वच्छ, सावल्यांचे फराटे न मारणारी. बऱ्याच भागांत गर्दीत हर्जे स्वतःही डोकावतो. मी सांगितल्यापासून चिऊ गोष्ट सोडून त्यालाच शोधते. टिनटिनचा कुत्रा स्नोई मात्र इथे मुका झालाय. पुस्तकात तो मनातलं काय काय बोलतो, ते मला फार हवं होतं. आणखी एक खटकलं, बर्फ. हे पुस्तक करताना हर्जेला पांढऱ्याशुभ्र रंगाची भयानक स्वप्नं पडायची म्हणतात. १९६० च्या त्या अल्बममध्ये पानंच्या पानं पांढरी, गप्प. इथे वारा घोंघावतो, संगीत वाजतं, कोणी स्वस्थ बसू देत नाही.

तरी गोष्ट तीच. या गोष्टीत खलनायकच नाही. एक मित्र दुसऱ्याला शोधायला निघालाय, बस. ज्याला शोधायचं तो चांग हर्जेच्या खऱ्या मित्रावरून, झांग चोंगरेनवरून घेतलेलं. दोघांची ओळख १९३४ ची, पुढे संपर्क तुटला, भेट झाली ती थेट १९८१ मध्ये. चिऊला हे सांगत होते, तिचं लक्षच नव्हतं. ती यतीकडे, त्या हिममानवाकडे बघत होती. चांगचा जीव त्यानेच खाऊ घालून वाचवलेला ना.

"आई, आता तो कुणाला खाऊ देणार?"

मला उत्तर सुचलं नाही. नाक पुसून दिलं.

रात्री दादाला फोन केला. म्हटलं, आज बघितलं रे शेवटी, तिबेटवालं. पलीकडे वहिनी कुकरची शिट्टी मोजत होती, दादा क्षणभर गप्प.

"अगं हो, ते राहिलंच होतं बघायचं. मग? कापला ना दोर?"