कमानीवरून पाणी आले तो दिवस

तमिळनाडूतल्या कुर्तालमच्या मुख्य धबधब्यावर एक काँक्रीटची कमान आहे. पाणी तिच्या आतल्या बाजूला पडत असेल तर आंघोळ चालू, कमानीवरून बाहेर उडू लागले की बंद. तिथल्या कुणालाही, चहावाल्यालासुद्धा विचारा, हेच सांगेल. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातल्या त्या सकाळी दहा वाजता पाणी कमानीच्या बरेच आत होते आणि मी नेलेल्या सहलीतल्या ३४ जणांपैकी २१ जण पाण्याखाली होते. पावणेअकराला ते कमानीवरून पडत होते. आमच्या डोक्यावर तेव्हा ऊन होते.

पाऊस नसताना पाणी वाढते कसे, हे प्रत्येक गटाला बसमध्येच सांगावे लागते. कुर्तालम सह्याद्रीच्या पूर्व पायथ्याशी, तमिळनाडूच्या तेनकासी जिल्ह्यात आहे. शेजारी शेंगोट्टैची खिंड. त्या खिंडीतून नैऋत्य मोसमी वारा केरळातून अलीकडे येतो, म्हणून बाकी तमिळनाडू कोरडा असताना जून ते सप्टेंबर इथे हंगाम असतो. उन्हातही अंगावर भुरभुर येत राहते, तिला तिकडे ‘सारल’ म्हणतात. खरा पाऊस मात्र वर, दाट जंगलात पडतो. तो खाली दिसत नाही, ऐकूही येत नाही. डोंगर उभा, ओढे आखूड, त्यामुळे वर पडलेले पाणी मुरायला किंवा पसरायला जागाच नसते. ते सरळ चित्तार नदीतून कड्यावर येते.

या कड्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. पाणी सुमारे ६० मीटर उतरते, पण एका झेपेत नाही. मध्ये ‘पोंगुमाकडल’ नावाचा १९ मीटर खोल डोह आहे. त्यात पाणी आपटते, जोर मोडतो आणि मग पायथ्याच्या खडकावरून पसरून पडते. म्हणूनच इथे माणूस धबधब्याखाली उभा राहू शकतो. पाणी वाढले की त्या डोहाचा उपयोग संपतो. लोंढा तो भरून वरच्या वर उडी घेतो आणि त्याबरोबर फांद्या, दगड येतात.

सकाळची तयारी नेहमीची होती. साडी नको, पंजाबी ड्रेस घाला, कारण भिजलेली साडी पायात गुंडाळते. दागिने, घड्याळ, चष्मा बसमध्ये. काढायचे नसेल ते मंगळसूत्र पिन लावून आत. तेल, साबण, शाम्पू पिशवीतच, धबधब्यात त्यांना बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, खालच्या खडकाचे तेलाने काय होते ते मी पाहिले आहे. पाण्याखाली जाताना एक हात लोखंडी कठड्यावर, मान खाली, धार खांद्यावर आणि पाठीवर घ्यायची. टाळूवर कधीच नाही. मानेचा, मणक्याचा त्रास असेल किंवा हृदयाचे औषध चालू असेल तर बाजूच्या शिंतोड्यात बसायचे. एका वेळी पाच मिनिटे पुरेत. स्पष्ट सांगायचे तर पहिल्या मिनिटात दम लागतो, कारण थंड पाण्याचा मारा बसला की श्वास नकळत जोरात आत ओढला जातो आणि मग भराभर चालू लागतो.

पाणी बदलले ते आधी रंगातून कळले. दुधासारखी पांढरी धार कडेने चहासारखी तांबूस झाली. मग पाने आणि काटक्या आल्या. आवाजही बदलतो: आधीचा सळसळता असतो, नंतरचा जड, छातीत जाणवणारा. ही तीन चिन्हे एका मागोमाग दिसली की कुणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही. मी शिट्टी वाजवली, त्याच मिनिटाला पोलिसांच्याही शिट्ट्या सुरू झाल्या. ‘वेळिये वांगा, वेळिये वांगा’ म्हणजे बाहेर या. शेकडो माणसे एकदम कठड्याकडे वळली. पाच-सात मिनिटांत खडक रिकामा झाला. तिथल्या पोलिसांना ही सवय आहे आणि ते फार चांगले काम करतात.

चूक आमच्याकडून झाली, आणि ती मोजणीत दिसली. ३३ भरले.

मुख्य धबधब्यावर बायकांची आणि पुरुषांची जागा वेगळी आहे. जोडप्यांची तिथे फाटाफूट होते आणि दोघांचा मिळून एकच फोन असतो, तोही बहुधा काकूंच्या पिशवीत. त्यासाठी आम्ही भेटीची जागा ठरवून देतो. त्या दिवशी ती कपडे बदलण्याच्या खोल्यांपाशी ठरवली होती, कारण ती सगळ्यांना ओळखता येते. पण बंदी आली की पोलीस तेवढाच भाग आधी रिकामा करतात आणि पुढे दोर लावतात. सांगलीचे एक काका ठरल्याप्रमाणे तिथे गेले, त्यांना हाकलले, भाषा कळेना, मग ते गर्दीबरोबर देवळाच्या बाजूला गेले. आम्ही दोराच्या या बाजूला, ते त्या बाजूला. पंचवीस मिनिटांनी ते कुट्रालनाथाच्या, म्हणजे इथल्या शंकराच्या, मंदिराच्या दारात, ओल्या टॉवेलवर बसलेले सापडले. काकूंनी त्यांचा हात धरला तो जेवेपर्यंत सोडला नाही.

तेव्हापासून भेटीची जागा पाण्यापासून दूर, चढावर आणि दोर लागेल त्याच्या बाहेर ठरवतो: बस जिथे उभी असते ती. शिवाय प्रत्येकाच्या मनगटाला बसचा क्रमांक आणि माझा नंबर लिहिलेली प्लास्टिकची पट्टी असते. मोजणी नावाने नव्हे, जोडीने घ्यायची. ‘तुमची जोडी दिसते का?’ एवढेच विचारायचे. कोण नाही ते लगेच कळते.

दुपारी ड्रायव्हर अण्णा म्हणाले, ऐंदरुवीला सोडत असतील, बघू या. पाच धारांचा तो धबधबा जवळच, पाचेक किलोमीटरवर आहे आणि एकावर बंदी असताना दुसरा मोकळा असतो, हेही खरे. पण डोंगर तोच, आकाश तेच. जाऊ नये असे मी ठरवले आणि गटातल्या दोघांची नाराजी घेतली. १७ मे २०२४ रोजी जुन्या कुर्तालम धबधब्यात अचानक आलेल्या लोंढ्यात १७ वर्षांचा मुलगा गेला. त्याच वर्षी ३० जूनला लोणावळ्याला, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. हे दोन्ही मी नाराज झालेल्यांना सांगितले. ते पुढे काही बोलले नाहीत.

मोकळा वेळ मंदिराला दिला, पण त्याचेही गणित असते. तमिळनाडूतली बहुतेक मोठी देवळे बारा-साडेबाराला बंद होतात आणि चार-साडेचारच्या पुढे उघडतात. म्हणून आधी जेवण, कोरडे कपडे, मग दर्शन. ओल्या पायांनी दगडी फरशीवर म्हातारी माणसे घसरतात, पाण्यात नाही तेवढी तिथे पडतात. कुट्रालनाथाचे मंदिर शंखाच्या आकाराचे आहे. त्याहून मला जपून दाखवावीशी वाटते ती थोडी बाजूला असलेली चित्रसभा. नटराजाच्या पाच सभांपैकी, म्हणजे नृत्यमंडपांपैकी, ही एक: चिदंबरमला सोन्याची, मदुराईला चांदीची, तिरुनेलवेलीला तांब्याची, तिरुवालंगाडूला रत्नांची आणि इथे चित्रांची. इथे नटराजाची मूर्ती नाही, तो भिंतीवर रंगवलेला आहे. धबधब्यावर आलेल्या दहा माणसांतली नऊ तिथे जात नाहीत. आमची सगळी ३४ गेली, आणि पाऊण तास कुणी घाई केली नाही.

संध्याकाळी तेनकासी. नावाचा अर्थच दक्षिण काशी. पंधराव्या शतकात पराक्रम पांड्याने काशीविश्वनाथाचे हे मंदिर उभारले. सुमारे १८० फुटांच्या गोपुराखालून जाताना खिंडीतला वारा असा अंगावर येतो की टोपी हातात धरावी लागते. आजचे गोपूर १९९० मध्ये पुरे झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सहल नेणारे आम्ही दोघे आधी एकटेच जाऊन पाणी पाहून आलो. धार पांढरी, कमानीच्या आत, काटक्या नाहीत, पोलीस सोडत होते. मग बस आणली. दहा-दहाच्या तुकड्या केल्या, प्रत्येक तुकडीबरोबर एक कोरडा माणूस वर डोंगराकडे तोंड करून उभा. सव्वासातला सगळे बसमध्ये होते आणि सांगलीचे काका सगळ्यांत पुढच्या सीटवर.