शेवटची टाचणी

निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. आम्हा नाशिककरांची थंडी तिथेच संपते. मी सध्या कॅनडात, मॅनिटोबात छोट्या विमानांची देखभाल करतो. तिथे जानेवारीत उणे २५ म्हणजे बरा दिवस म्हणायचा.

शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. रात्रभर उघड्यावर गारठलेलं इंजिन सुरू करण्याआधी तापवावं लागतं. लायकॉमिंग या कंपनीच्या बहुतेक विमान-इंजिनांना उणे १२ च्या खाली ते हवंच. मी इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीला, म्हणजे सम्पला, चिकटवलेला हीटर पॅड तासभर चालू ठेवला. ऑइलचा काटा वर सरकला. "झालं," म्हणालो. वरिष्ठ मेकॅनिकने काही न बोलता ऑइल भरायचं झाकण काढून माझ्या हातावर ठेवलं. आतून पांढरा हिमकण जमलेला! कोमट ऑइलमधली वाफ वर जाऊन गार धातूवर बसली होती. तशीच ती कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, बसली की गंज ठरलेला.

काटा खरंच सांगत होता, पण फक्त ऑइलचं. सम्पची उष्णता क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचाच्या, भिंतीतून हळूहळू वर चढते, आणि मधल्या क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत, पोचायला तिला मुख्यतः बेअरिंगचीच वाट. वाटेत सिलिंडरवरच्या पातळ धातूच्या पट्ट्या (फिन्स) ती हवेत उधळतात. क्रँकशाफ्टला बोल्टने जोडलेला धातूचा प्रोपेलर तर पुढच्या बाजूने ओढूनच घेतो. त्यात अ‍ॅल्युमिनियमची क्रँककेस पोलादी शाफ्टच्या जवळजवळ दुप्पट आकसते, म्हणजे बेअरिंगमधली फट नेमकी थंडीत कमी होते. तशात इंजिन फिरवलं तर पहिल्या मिनिटातच झीज. म्हणून इंजिनावर जाड गोधडी, प्रोपेलरलाही आवरण, आणि हीटर आदल्या रात्रीपासून.

झाकण हातात धरून उभा होतो आणि आठवल्या आठवीच्या विज्ञानाच्या बाई. लोखंडी सळईला मेणाने टाचण्या चिकटवल्या होत्या, एका टोकाखाली स्पिरिटचा दिवा. पहिली टाचणी पडली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, तिसरीपर्यंत मागच्या बाकावर फुली-गोळा सुरू झाला होता. बाई तेवढ्या सळईकडे बघत राहिल्या. "वहन चाललंय, दिसत नाही म्हणून थांबलेलं नाही," असं काहीसं म्हणाल्या. मग घंटा झाली. शेवटची टाचणी तशीच चिकटलेली होती.

ती नंतर पडली का, हे विचारायचं राहून गेलं. शाळेच्या महोत्सवाला बाई येणार आहेत म्हणे.