कुंडीचा मान

परवा दुपारी अचानक पाहुणे आले. पोहे परतून झाले आणि वरून पेरायला कोथिंबीर हवी म्हणून मी कात्री घेऊन गॅलरीत गेले. कुंडीतली कोथिंबीर दृष्ट लागण्याजोगी होती : वीतभर उंच, पोपटी, दांडे अजून कोवळे. मी कात्री एका काडीपाशी नेली, मग तिच्या शेजारच्या काडीपाशी नेली, आणि शेवटी चपला घालून खाली जाऊन भाजीवाल्याकडून एक जुडी घेऊन आले. पाहुण्यांना यातले काही कळले नाही. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी गॅलरीत डोकावून कुंडीचे कौतुक केले आणि ‘घरची कोथिंबीर, चवच वेगळी’ असेही म्हणाले. मी आणखी पोहे वाढले.

एरवी मी चिक्कू नाही. साडी, पुस्तक, छत्री, काहीही कोणी मागितले तर मी देते आणि परत आले नाही तरी फारसे मनावर घेत नाही. कुंडीतल्या पानांच्या बाबतीत मात्र हात आखडतो. याचे एक कारण कष्टांत असावे. धने पेरायचे तर आधी ते लाटण्याखाली हलके रगडून त्यांची दोन दळे सुटी करावी लागतात, कारण आपण ज्याला एक धना म्हणतो त्यात दोन बिया असतात. नंतरचे आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही अधिक, नुसत्या मातीवर पाणी शिंपडत बसावे लागते. आणि उगवलेले रोप हलवून दुसरीकडे लावावे म्हटले, तर त्याचे सोटमूळ दुखावते आणि ते रुसते. उन्हाळा तापू लागला की पाने दोऱ्यासारखी बारीक होतात, पांढरी फुले येतात आणि कोथिंबीर पुन्हा धन्यांच्या मार्गाला लागते. लाल माती, शेणखत आणि कोकोपीट यांचा खर्च धरला, तर एवढ्या खटाटोपातून येणारी मूठभर पाने बाजारातल्या कुठल्याही जुडीपेक्षा महाग पडतात. हीच कोथिंबीर एके काळी भाजीवाले मागितल्याशिवाय, भाजीवर चार मिरच्यांसह फुकट टाकत असत, हे आठवले की अधिकच चिडायला होते.

पण केवळ खर्चाचे कारण मला पुरेसे वाटत नाही. माझे आजोळ साताऱ्याकडचे. तिथल्या परसात माझ्या कुंड्यांतल्यासारख्या वनस्पती होत्या आणि त्यांतली एकही कोणी लावून, जोपासून वाढवलेली नव्हती. मोरीचे पाणी भिंतीबाहेर जिथे पडे, तिथे अळू माजलेले असे. त्याच्या कडेला गवती चहाचा ठोंब, थोडा पुदिना आणि पलीकडे कढीपत्त्याचे झाड, ज्याच्या मुळांतून फुटलेली पिले आजी दरवर्षी उपटून टाके. भांडी घासलेले, तांदूळ धुतलेले, अंघोळीचे, असे सगळे पाणी त्यांना मिळे आणि त्यांची विचारपूस करण्याची कोणाला सवड नसे. फोडणी तडतडत असताना आजी आम्हा मुलांपैकी जो हाताशी असेल त्याला ‘पळ, कढीपत्ता आण’ म्हणून पिटाळी आणि आम्ही उडी मारून हाताला लागेल ती डहाळी ओरबाडून आणत असू. सर्दी झाली की गवती चहाची पाने मुळापासून खसकन ओढली जात. त्या पानांची धार बोटाला बारीक कापते, ते तेव्हा कळे. ठोंबाला काय वाटते हा प्रश्न कोणाच्या डोक्यात येत नसे.

त्या घरात कुंडीसारखी जागा फक्त तुळशीला होती. ती वृंदावनात, उंचावर, घराच्या पुढच्या बाजूला. तिला सकाळी पाणी, संध्याकाळी दिवा, कार्तिकात लग्न. तिची पाने रविवारी तोडायची नाहीत, द्वादशीला तोडायची नाहीत, दिवेलागणीनंतर तर हातही लावायचा नाही. पुढे शहरात बिऱ्हाडे झाली, तेव्हा चाळींच्या गॅलऱ्यांत हेच सगळे विधी पिवळ्या रंगाच्या, ताडाच्या झाडाचे चित्र असलेल्या डालडाच्या डब्यातल्या तुळशीला लागू झाले. डब्याला वृंदावनाचा मान मिळाला. मला वाटते, आमच्या पिढीचे तिथेच काहीतरी पक्के झाले : जमिनीत असते ते ओरबाडायचे आणि जे उचलून, मातीसकट एखाद्या भांड्यात ठेवले, ते पूजेचे. माझ्या गॅलरीत श्रीखंडाच्या डब्यात पुदिना आहे, रंगाच्या बादलीत कढीपत्ता आहे, फुटक्या माठाच्या बुडात पानओवा आहे. मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या या मंडळींना मी कुंडीत बसवून देवपण दिले आणि आता त्यांच्यापुढे कात्री घेऊन उभी राहते, तेव्हा रविवार नसला तरी मला रविवार वाटतो.

शास्त्र याच्या नेमके उलट सांगते. पुदिना, पानओवा आणि गवती चहा खुडल्याने, छाटल्यानेच भरतात. शेंडा खुडला की खालून दोन फांद्या फुटतात. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर काढल्या नाहीत, तर ती लवकर जून होते. हे मला ठाऊक आहे आणि मी ते इतरांना तावातावाने सांगतेही.

कढीपत्त्याच्या बादलीत तर मी आणखी पुढे गेले आहे. तो लिंबाच्या कुळातला, म्हणून लिंबावर अंडी घालणारी फुलपाखरे त्याच्यावरही येतात. त्यांच्या अळ्या लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात, आणि बोट लावले की डोक्यामागून नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडतात. महाराष्ट्राने 2015 साली ज्या ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केले, तेही याच घराण्यातले. माझ्याकडे मात्र त्याचे साधे भाऊबंद येतात. ते चार दिवसांत काड्या उरवतात आणि मी पाहत राहते. घरच्या कढीला पाने नाकारून अळ्यांना जेवू घालण्यात कोणता न्याय आहे, ते मला सांगता येणार नाही.

गवती चहाची गोष्ट जराशी निराळी आहे. माझ्या कुंडीतला ठोंब आजोळच्याच ठोंबाचा फुटवा आहे. आजीने तो ओल्या गोणपाटात गुंडाळून एस.टी.त माझ्या मांडीवर दिला होता. आपल्याकडे गवती चहाला फुले क्वचितच येतात आणि बी तर धरतच नाही, त्यामुळे तो नेहमी ठोंब फोडूनच लावतात. म्हणजे माझ्याकडे आहे ते त्या झाडाचे मूल नव्हे, तेच झाड आहे. आजी गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा तांब्याचे बंब, पाटल्या, शिसवी कपाट, सगळ्यांची यादी झाली आणि गवती चहा कोणाच्याच हिश्शाला आला नाही. पुढे घर विकले गेले आणि परसावर फरशी पडली. आता कुंडी मुळांनी गच्च झाली आहे आणि येत्या पावसाळ्यात ठोंब फोडून कोणाला तरी द्यावाच लागेल. माझा मुलगा चहा पीत नाही.